टेली लेन्समध्ये स्टॅबिलायझेशनसाठी जादा पैसे मोजावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेली लेन्स (लांबचं जवळ आणणारी) घ्यायची ठरली की पहिला मेसेज ठरलेला असतो: ‘दोन लेन्स सारख्याच दिसतायत, एक बरीच स्वस्त आहे, घेऊ का?’ स्वस्त असते तिच्यात बहुतेक वेळा स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, नसतं. कधी ती घ्यावी, कधी घेऊ नये. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायची गरज नाही, पण प्रश्न ५ आणि ६ सोडू नका.

१. स्टॅबिलायझेशन म्हणजे लेन्सच्या आत नक्की काय होतं?

लेन्समध्ये दोन बारीक जायरो सेन्सर असतात. एक लेन्स वर-खाली किती झुकली ते मोजतो, दुसरा डावी-उजवीकडे किती वळली ते. त्या मापावरून आतला भिंगांचा एक छोटा गट चुंबक आणि कॉइलच्या जोरावर उलट दिशेला सरकतो, त्यामुळे कॅमेऱ्यातल्या, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर पडणारी प्रतिमा जागच्या जागी राहते. एसएलआर (आरशाच्या) कॅमेऱ्याच्या बदलता येणाऱ्या लेन्समध्ये ही सोय पहिल्यांदा १९९५ साली कॅननच्या ७५-३०० आयएस लेन्समध्ये आली. तेव्हा दावा होता दोन स्टॉपचा (स्टॉप म्हणजे किती, ते प्रश्न ४ मध्ये). आज चार-पाच स्टॉप ही नेहमीची गोष्ट झाली आहे.

कॅमेरा घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरला, तर मात्र लेन्समधली यंत्रणा काही करू शकत नाही. ते काम सेन्सर हलवणाऱ्या बॉडीचं, म्हणजे कॅमेऱ्याचं (प्रश्न ९).

२. कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्सवर कधी अडचण आली नाही. टेलीमध्येच एवढा गाजावाजा का?

कारण हात तेवढाच हलतो, पण लेन्स ते हलणं मोठं करून दाखवते. हिशेब करून बघा. कॅमेरा एका अंशाच्या दहाव्या भागाइतका झुकला, तर ५० एमएम लेन्सवर प्रतिमा सेन्सरवर सुमारे ०.०९ मिलिमीटर सरकते. ५०० एमएमवर तीच सरकते ०.८७ मिलिमीटर. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप (आकाराने लहान) सेन्सरवर हे झाले जवळपास २२० पिक्सेल. खंड्याच्या डोळ्यातली चमक तेवढ्यात पार चोचीपर्यंत पसरते.

म्हणून जुना नियम आहे: शटर स्पीड (शटर किती सेकंद उघडं राहतं ते) निदान ‘एक भागिले फोकल लेन्थ’ (लेन्सचा एमएमचा आकडा) ठेवा, आणि क्रॉप सेन्सर असेल तर आधी फोकल लेन्थला दीडने गुणा (कॅननला १.६ ने). ३०० एमएम क्रॉप बॉडीवर असेल तर १/४५०, म्हणजे व्यवहारात १/५००. मला विचाराल तर हल्लीच्या जास्त मेगापिक्सेलच्या बॉडीवर हाही नियम सैल पडतो.

३. आयएस, व्हीआर, ओएस, व्हीसी, ओएसएस... यात चांगलं कोणतं?

सगळं एकच आहे, बारशी वेगवेगळी झाली आहेत. कॅनन आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी, सोनी ओएसएस, फुजी आणि पॅनासोनिक ओआयएस. नावावरून दर्जा ठरत नाही. लेन्सची पिढी बघा.

फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. कॅननच्या ७५-३०० च्या रिंगवर तीन उभ्या रेघा असतात, तो रोमन तीन आहे. ती लेन्सची तिसरी आवृत्ती, आयएस नव्हे. निकॉनची एएफ-पी ७०-३०० डीएक्स दोन रूपांत आली, नाव सारखंच, फरक फक्त व्हीआर या दोन अक्षरांचा. शिवाय त्या लेन्सवर बटणच नाही, त्यामुळे बाहेरून बघून कळत नाही. वापरलेली घेताना फोटोतली रिंग मोठी करून वाचा.

४. ‘चार स्टॉपचं स्टॅबिलायझेशन’ म्हणजे किती?

प्रत्येक स्टॉपला शटर स्पीड निम्मा. ३०० एमएमवर हातात १/५०० लागत असेल, तर चार स्टॉपने तो १/२५०, १/१२५, १/६० करत १/३० वर येतो. कागदावर.

हा आकडा कॅमेरा एका यंत्रावर ठरावीक पद्धतीने हलवून काढतात. डोंगर चढून धापा टाकत उभे असलेले तुम्ही त्या यंत्रासारखे हलत नाही. कंपनी चार म्हणाली की मी तीन धरतो. चहा प्यायच्या आधी असेन तर अडीच.

५. स्टॅबिलायझेशन असूनही माझे पक्ष्यांचे फोटो हललेले येतात. लेन्स खराब आहे का?

बहुधा नाही. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्षी नाही. बगळ्याने मान फिरवली, शेपटी हलवली, वाऱ्याने फांदी झुलली, यातलं काहीही लेन्सला थांबवता येत नाही. थांबवतो तो फक्त शटर स्पीड.

हललेला फोटो १०० टक्के झूम करून बघा. मागची फांदी स्वच्छ आणि पक्षी पुसट असेल, तर पक्षी हलला. फांदी, पान, पक्षी सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं असेल, तर तुमचा हात हलला. पक्षी पुसट आणि त्याच्या पुढचं गवत किंवा मागचा दगड धारदार असेल, तर फोकस चुकला. तीन रोग, तीन वेगळी औषधं, आणि स्टॅबिलायझेशन फक्त दुसऱ्यावर चालतं. लोक पहिल्या आणि तिसऱ्या रोगासाठी त्याचे पैसे मोजतात आणि मग लेन्सला नावं ठेवतात.

६. मला त्याची गरज आहे की नाही, हे पैसे देण्याआधी कसं कळेल?

स्वतःचेच जुने फोटो उघडा. आवडलेले, ठेवलेले, घरच्यांना दाखवलेले असे शंभर टेली फोटो निवडा आणि प्रत्येकाचा शटर स्पीड बघा. कॅमेरा तो फोटोबरोबर नोंदवून ठेवतोच.

बहुतेक फोटो १/१००० च्या वर असतील, तर तुमचं काम उजेडातलं आणि हलणाऱ्या गोष्टींचं आहे. तुम्हाला स्टॅबिलायझेशन असलं तर बरं, नसलं तरी चालेल. बरेच फोटो १/६० ते १/३२० मध्ये असतील, तर तुम्ही नेमके त्या पट्ट्यात काम करता जिथे त्याने फोटो वाचतो. मग पैसे मोजा, दुसरीकडे काटकसर करा.

आता टाकून दिलेले फोटोही बघा, डिलीट केले नसतील तर. प्रश्न ५ मधली कसोटी लावून हात हलल्याने किती गेले ते मोजा. एकदा आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी हे प्रामाणिकपणे केलं. हात हलल्याने गेलेले फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले, बाकी सगळी फोकसची चूक. लेन्सचे पैसे वाचले, काकू खूश.

पहिलीच टेली लेन्स असेल आणि जुने फोटोच नसतील, तर एका वीकेंडला भाड्याने लेन्स घ्या. बटण असलेली घ्या, म्हणजे चालू-बंद करून तुलना करता येते.

७. मी फक्त उडते पक्षी टिपतो. मला तर नकोच ना?

जवळजवळ नकोच. उडत्या घारीला १/१६०० किंवा १/२००० लागतो, शराटीलाही फार कमी चालत नाही. तिथे हाताची थरथर आपोआप गोठते. कॅननची ईएफ ४०० एफ/५.६ एल ही १९९३ सालची लेन्स यासाठीच वर्षानुवर्षं लोकांच्या गळ्यात राहिली. त्यात स्टॅबिलायझेशन नाही. वजन सव्वा किलो, फोकस झटपट. चांगल्या उजेडात तिने काढलेले फोटो बघून कोणी विचारत नाही की आयएस होतं का.

तरी दोन गोष्टी आहेत. पहिली, व्ह्यूफाइंडर. स्टॅबिलायझेशन चालू असलं की ५०० एमएमवर डोळ्यासमोरचं चित्र पोहल्यासारखं हलत नाही, फोकसचा ठिपका पक्ष्याच्या डोक्यावर टिकतो. फायदा शटर स्पीडचा नाही, पण फायदाच. दुसरी, तोच पक्षी संध्याकाळी साडेसहाला काठावर येऊन बसतो. तेव्हा १/२००० मिळत नाही, मिळतो १/१००, आणि तेव्हा आठवण येते.

८. बजेट एकच आहे. एफ/२.८ बिनस्टॅबिलायझेशनची, की एफ/४ स्टॅबिलायझेशनवाली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर ‘काय टिपता’ यावरच आहे. एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त, म्हणून एफ/२.८ मुळे एक स्टॉप जास्त उजेड मिळतो. तो स्टॉप हातासाठीही उपयोगी पडतो आणि समोरच्या हालचालीसाठीही. एफ/४ वरच्या आयएसने चार स्टॉप मिळतात, पण फक्त हातासाठी.

नाट्यगृहात बसून बघा. कलाकार स्वगत म्हणत स्तब्ध उभा आहे: एफ/४ आयएसने १/६० वर धारदार फोटो येतो, बिनस्टॅबिलायझेशनच्या एफ/२.८ ने १/१२५ वर २०० एमएम हातात धरलेली लेन्स थरथरते. पुढच्या प्रवेशात लावणी सुरू झाली की खेळ उलटतो. गिरकीला १/५०० हवा, आयएस तिथे नुसतं बघत राहतं आणि एफ/२.८ चा एक स्टॉप सोन्याचा होतो.

वजनही धरा. कॅननची जुनी ७०-२०० एफ/४ एल ७०५ ग्रॅमची, तिची २००६ ची आयएस आवृत्ती ७६० ग्रॅमची. पंचावन्न ग्रॅममध्ये चार स्टॉप. त्याच घराण्यातली बिनआयएसची एफ/२.८ मात्र १३१० ग्रॅमची, म्हणजे दिवसभर गळ्यात जवळपास दुप्पट. प्रवास, देवळं, माणसं, घाटातले नजारे असं सगळं टिपणाऱ्याला मी डोळे मिटून एफ/४ आयएस सांगतो. लग्नाचं काम करणाऱ्याने दोन्ही असलेली घ्यावी. धंद्याचा खर्च आहे तो, वसूल होतो.

९. माझ्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे. मग लेन्समध्ये कशाला?

आधी खरंच आहे का ते बघा. कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआरमध्ये फोटोसाठी सेन्सर हलवणारी सोय कधीच नव्हती. आरसा नसलेल्या मिररलेसमध्येही सगळीकडे नाही: कॅनन आर५०, आर१०, निकॉन झेड५०, सोनी ए६४०० यांत नाही. कॅनन आर७ आणि सोनी ए६७०० मध्ये आहे. पेंटॅक्सच्या डीएसएलआरमध्ये ती सोय बॉडीतच असते.

असेल तर २०० एमएमपर्यंत बॉडीवर बरंच भागतं. पुढे मात्र प्रश्न २ मधला हिशेब आडवा येतो. फोकल लेन्थ वाढेल तसं सेन्सरला जास्त सरकावं लागतं, आणि सेन्सर सरकणार किती, जेमतेम काही मिलिमीटर. लेन्समधला गट त्या लेन्ससाठीच बेतलेला असतो. म्हणून ४००-६०० एमएमच्या बहुतेक नव्या लेन्समध्ये बॉडीत सोय असूनही ती वेगळी दिलेली दिसते. दोन्ही मिळून काम करतात तेव्हा सगळ्यात छान.

जुनी मॅन्युअल टेली ॲडाप्टरने लावणार असाल, तर मेन्यूत जाऊन फोकल लेन्थ हाताने भरा. बॉडीला ३०० एमएम कळलं नाही तर ती भलत्याच मापाने सावरते आणि फोटो आणखी बिघडतो.

१०. हल्ली आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) ६४०० सुद्धा स्वच्छ येतो, सॉफ्टवेअर नॉइज (दाणे) काढतं. मग त्याचे पैसे कशाला?

या मुद्द्यात दम आहे, आणि दहा वर्षांपूर्वीचं माझं उत्तर आज मी देणार नाही. आयएसओ ४०० वरून ६४०० वर गेलात की चार स्टॉप मिळतात, तेही हात आणि विषय दोन्हींसाठी. जंगलात आज मी आधी आयएसओ चढवतो.

पण नॉइज काढताना पिसांचा बारीक पोत जातो, किंवा सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने पिसं काढून देतं. स्थिर बसलेलं घुबड १/४० वर आयएसओ ८०० ने मिळत असेल, तर ते ६४०० ने का घ्यायचं? चांगला सेन्सर असलेल्या बॉडीवाल्यांनी थोडी काटकसर केली तर चालेल. आठ-दहा वर्षं जुन्या क्रॉप बॉडीवाल्यांनी लेन्समध्येच घ्यावं.

११. ताडोब्याला जातोय. सफारीत उपयोग होतो का?

होतो, आणि इथे मी फारसा वाद घालत नाही. जिप्सीत ट्रायपॉड उभा करायला जागा नसते, वाघ दिसतो पहाटे किंवा दिवस कलताना, तोही बांबूच्या सावलीत, आणि चालण्यापेक्षा बसलेला जास्त. मंद उजेड, स्थिर विषय, हातात लेन्स: स्टॅबिलायझेशनचं हे घरचं मैदान.

बरोबर बीन बॅग न्या. पिशवी रिकामी न्या आणि मुक्कामी पोचल्यावर तांदूळ भरा. जिप्सीच्या दांड्यावर ती ठेवून वर लेन्स टेकवली की महागातली महाग यंत्रणाही फिकी पडते. परत आल्यावर तांदूळ काढून टाका, नाहीतर पावसाळ्यात पोरकिडे होतात. माझ्या पिशवीत झाले होते.

वाघ दिसला की पहिलं वाक्य ‘भाऊ, गाडी बंद करा’ हे असावं. इंजिनाची धडधड दांड्यातून थेट लेन्समध्ये येते आणि तिची कंपनं हाताच्या थरथरीपेक्षा खूप जलद असतात. गाडी चालूच ठेवावी लागली, तर लेन्स दांड्यावरून उचलून हातात घ्या. आपलं अंग हे चांगलं शॉक ॲब्सॉर्बर आहे.

१२. नॉर्मल, ॲक्टिव्ह, स्पोर्ट, मोड १-२-३... कोणता ठेवू?

शंका असेल तेव्हा नॉर्मल किंवा मोड १. कॅननचा मोड २ पॅनिंगसाठी: आडव्या पळणाऱ्या सायकलस्वाराबरोबर कॅमेरा फिरवताना तो ती दिशा सोडून देतो आणि फक्त वर-खाली सावरतो. मोड ३ एक्स्पोजरच्या क्षणीच काम करतो, वेड्यावाकड्या उडणाऱ्या पक्ष्यांसाठी बरा. निकॉनचा स्पोर्टही हलत्या विषयांसाठीच, त्यात व्ह्यूफाइंडर अडखळत नाही. निकॉनच्या जुन्या लेन्सवरचा ॲक्टिव्ह म्हणजे तुम्ही स्वतः हलत्या जागी असाल तेव्हाचा. भिगवणला नावेत बसून रोहित टिपताना तो लावा, आणि नावाड्याने वल्हं थांबवलं की मगच शटर दाबा.

१३. ट्रायपॉडवर बंद करायचं की चालू ठेवायचं?

जुन्या लेन्सवर बंद. कॅननच्या ७५-३०० आयएस, ३०० एफ/४ आयएस, पहिली १००-४०० यांना ट्रायपॉड ओळखता येत नाही. हालचाल नसताना यंत्रणा स्वतःच्याच थरथरीला उत्तर देत बसते आणि प्रतिमा हळूहळू तरंगते. नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात, तरी लांब एक्स्पोजरला मी बंदच करतो. मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर), किंवा गिंबल हेड (जड लेन्स तोलून फिरवू देणारं डोकं) सैल ठेवून पक्ष्यामागे फिरत असाल, तर चालू. तिथे हात लागलेलाच असतो.

१४. व्हिडिओसाठी?

व्हिडिओत ‘नसलं तरी चालेल’ हे उत्तर नाही. २५ फ्रेमला शटर साधारण १/५० असतो, आणि २०० एमएमवर हातातला व्हिडिओ पाहणाऱ्याला बोट लागल्यासारखं होतं. फोटोत हललेला एक टाकून दुसरा घेता येतो, व्हिडिओत प्रत्येक फ्रेम दिसते. यंत्रणेची घरघर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये येते, तेव्हा आवाज वेगळा घ्या.

१५. कोजागरीच्या चंद्रासाठी घ्यायची आहे. रात्र आहे, म्हणजे स्टॅबिलायझेशन हवंच ना?

नको! रात्र आपल्याकडे असते, चंद्रावर ऊन असतं. पूर्ण चंद्राला आयएसओ १००, एफ/११, १/१०० एवढ्यावर बरोबर एक्स्पोजर येतं. एफ/८ आणि आयएसओ ४०० केलंत की शटर १/८०० वर जातो, आणि ३०० एमएम हातात सहज धरता येते. चंद्राखाली देवळाचा कळसही दिसायला हवा असेल, तर गोष्ट वेगळी. मग ट्रायपॉडच.

१६. बॅक बटण फोकस (शटरऐवजी मागच्या बटणाने फोकस) लावल्यापासून व्हीआर चालत नाहीसं वाटतं.

बरोबर वाटतं. निकॉनच्या डीएसएलआरवर एएफ-ऑन बटणाने फोकस होतो, पण व्हीआर जागा होतो तो शटर अर्धा दाबल्यावरच. मागच्या अंगठ्याने फोकस करून थेट शटर ठोकलात, तर यंत्रणेला सावरायला वेळच मिळत नाही. अर्धा दाबा, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र शांत होऊ द्या, मग पूर्ण दाबा. ही घाई बॅक बटण न वापरणारेही करतात. तीन-चार फोटोंचा सलग बर्स्ट घेतलात तर पहिला बहुतेक वेळा सगळ्यात पुसट असतो, बोट दाबल्याचा धक्का त्यातच येतो.

१७. सेकंडहँड घेताना काय तपासू?

लेन्स स्वतःच्या बॉडीवर लावा. पूर्ण झूम करून लांबची पाटी धरा, शटर अर्धा दाबा. चित्र क्षणात स्थिर व्हायला हवं. ते एकदम उडी मारत असेल, कोपऱ्याकडे ओढलं जात असेल किंवा करकर आवाज येत असेल, तर सोडून द्या. हे युनिट उघडून दुरुस्त करणं महागात पडतं, आणि जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळतीलच असं नाही. मग १/६० वर दहा फोटो चालू ठेवून, दहा बंद ठेवून काढा आणि लॅपटॉपवर बघा. मोबाइलएवढ्या स्क्रीनवर सगळंच धारदार दिसतं. विकणारा ‘आयएस बंद आहे, बाकी लेन्स टकाटक’ म्हणाला, तर किंमत बिनआयएसच्या लेन्सपेक्षाही खाली हवी. अडकलेला गट मध्यावर नसेल, तर फोटोची एक बाजू कायम मऊ येते.

स्वस्तातल्या जुन्या लेन्सचा आणखी एक सापळा. निकॉनची ८०-२०० एफ/२.८ डी भारी लेन्स आहे, पण तिचा फोकस बॉडीतल्या मोटरवर चालतो. डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या बॉडीवर ऑटोफोकस होणारच नाही. उलट बाजूने, नवी एएफ-पी ७०-३०० ही डी३१०० सारख्या जुन्या बॉडीवर चालत नाही. व्हीआरचा विचार त्यानंतर.

१८. कॅमेरा बंद असताना लेन्स हलवली की आत काहीतरी खुळखुळतं. गेली का?

नाही गेली. तोच तो भिंगांचा गट आहे. वीज नसताना काही लेन्समध्ये तो थोडा सैल राहतो. फक्त यंत्रणा चालू असताना लेन्स बॉडीवरून काढू नका. आधी कॅमेरा बंद करा, आतली बारीक टिक् ऐकू येऊ द्या, मग काढा.